भंगारातून आणलेली पोलादी पट्टी

दादासोंनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ह्यानं काय मापलंस, नूरीन?"

मी त्यांच्याकडं तावातावानं गेले होते. कुपवाडात माझं छोटं फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि हल्लीच्या टेपांवर माझा काडीचा विश्वास नाही. गेल्या आठवड्यात भंगारातून ही जुनी, साठ सेंटिमीटरची पट्टी आणली. आज सहज शेजारी टेप धरला, तर पट्टीवर साठ संपले तिथं टेप सहा मिलिमीटर जास्त दाखवत होता. टेपच खोटा, हे मला दादासोंच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करण्यात त्यांची हयात गेली.

"पट्टी खोटी न्हाई, पर तुज्या कामाची बी न्हाई," ते म्हणाले. "साच्यात ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं. म्हणून नमुना जरा मोठा करायचा आसतो. ती वाढ ह्या पट्टीतच धरलीया."

याच पट्टीनं मी चार दिवसांपूर्वी एका कारखान्यात राहीबाई चालवतात त्या पत्रा दाबायच्या प्रेसची साठ सेंटिमीटर रुंद जाळी केली होती. हात आत जाऊ नये म्हणून पुढं बसवतात ती. सहा मिलिमीटर मोठी जाळी खाचेत बसणारच नाही. आणि जाळी बसली नाही म्हणून काम थांबवणारा मालक मी अजून पाहिलेला नाही.

राहीबाईंना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. तशीच गाडी काढली. रस्ताभर मला त्यांची बोटंच दिसत होती. या अल्लाह, आज नको, एवढंच म्हणत होते.

कारखान्यात पोचले, तर जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, तिच्यावर कुणीतरी जेवणाची पिशवी अडकवली होती. राहीबाई उघड्या हातानं पत्रा आत सरकवत होत्या. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. बोटं मोजली. दहा होती.

"आवं, झालं काय?"

"जाळी बसली नाही तर मला फोन का नाही केला?" मी रडत रडत खेकसले.

त्यांनी हात सोडवून घेतले.

"माप चुकलंय म्हनून तुमास्नी सांगनार कोन? मालक बी सांगाया नगं म्हनलं. तुमी लय वरडता. म्हनून चार दिस तसंच रेटलं."