टेंभुर्णीहून आणलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची तर ती थंड असताना सुरू करून ऐकावी, हे नंदीशला कुणी शिकवायची गरज नव्हती. अक्कलकोट रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात चौदा वर्षं तो हेच लोकांना सांगत आला होता. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याला म्हणा, आम्ही चहा पिऊन येतो, तोवर गाडी बंद राहू द्या. आणि एवढं सांगणारा हा शहाणा टेंभुर्णीला जाऊन, बॉनेट चांगलं गरम लागलेलं असताना, "इंजिन एक नंबर हाय मामा, घेऊन टाका," असं बोलून बसला होता. तेही कुणाला, तर थोरल्या बहिणीच्या सासऱ्याला.

त्या दिवशी गुरुवार होता. अक्काचे सासरे शरणप्पा यांचं शुक्रवार पेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे आणि कोणतंही काम ते घड्याळ बघितल्याशिवाय करत नाहीत. गुरुवारी दीडला राहुकाळ लागतो. आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची, तर विसार दीडच्या आत एजंटच्या हातावर पडला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. एजंट म्हणे नुकताच पेट्रोल भरून आला होता. सव्वा वाजला होता. नंदीशने बॉनेटवर हात ठेवला, जरा घुटमळला, तेवढ्यात शरणप्पांनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं आणि याने मान डोलावली. बहिणीच्या सासऱ्याला तासभर थांबा म्हणायला तोंड उघडवेना, दुसरं काही नाही.

गाडी घरी येऊन तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. सिद्धेश्वरी तिचं नाव, पण नंदीशच्या तोंडी कायम अक्काच.

"नंदीश, सकाळी गाडी चालू केली की टकटक टकटक आवाज यायलाय. गल्लीतली माणसं वळून बघायलेत."

"काय न्हाय ग, टॅपेट ढिले झाले असतील. बघतो रविवारी."

तो रविवार गेला. पुढच्या रविवारी नंदीशला अचानक लई महत्त्वाचं काम निघालं. खरं सांगायचं तर त्याला तो आवाज ऐकायचीच भीती वाटत होती. न ऐकता पास केलेलं इंजिन खरंच गेलेलं निघालं तर काय तोंड दाखवायचं, हा विचार त्याला जेवतानाही सोडत नव्हता.

तिकडे अक्काची पुरती पंचाईत झाली होती. सासूबाई सावित्रम्मा आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. भाकरी वाढता वाढता हळूच म्हणायच्या, "तुझ्या भावानं पास केलेली गाडी हाय ती, वाजणारच की." लग्नाला अकरा वर्षं झाली, अक्काने सासूला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आता रोज देऊ लागली. "माझा भाऊ ऐकल्याशिवाय बोलत न्हाय, आत्या. त्यानं सांगितलंय म्हंजे इंजिन चांगलंच हाय." मग कोणीतरी एका गॅरेजवाल्याला बोलावलं, तो बेरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल म्हणाला, आणि शरणप्पा गाडी येईल त्या भावाला काढून टाकायच्या गोष्टी करू लागले. शेवटी अक्काच्या नवऱ्याने, महेश्वरने, गॅरेजात फोन केला. "घरात गाडीपेक्षा जास्त आवाज व्हायलाय. तू ये बाबा एकदाचा."

"येतो दाजी. रात्रभर गाडी बंद ठेवा. मी आल्याशिवाय किल्ली लावू नका."

तीन आठवडे उशिरा का होईना, सकाळी सातला तो शुक्रवार पेठेत पोचला. बॉनेट गार होतं. शरणप्पा कपाळावर ताजी विभूती लावून पायरीवर उभे, सावित्रम्मा दारात, अक्का त्यांच्या मागे. महेश्वरने किल्ली फिरवली आणि टकटक सुरू झाली. बारीक, भरभर, टाचेच्या चपलेने कुणी जिना उतरावा तशी. एक्सिलेटर दिला की तीही पळायची. सगळे इंजिन सोडून नंदीशकडे बघत होते.

त्याने एकेका सिलिंडरच्या कॉइलची वायर काढून बघितली. पहिल्याला फरक नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याची काढली तशी टकटक थांबली.

"त्या गॅरेजवाल्यानं बी हेच केलं होतं," महेश्वर म्हणाला. "तिसऱ्याचं बेरिंग म्हणाला."

 नंदीशने वायर परत बसवली, हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवत नेलं. खाली तेलाच्या टाकीपाशी आवाज लांबचा वाटत होता. वर टॅपेटपाशीही लांबचाच. जिथून जळका धूर सायलेन्सरच्या पाइपात शिरतो, त्या मॅनिफोल्डपाशी नळी आली आणि कानात फुस् फुस् अशी गरम फुंकर बसली. त्याने महेश्वरला मागे धाडून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओलं फडकं दाबून धरायला लावलं. धुराची वाट अडली तसा आवाज दुप्पट झाला. दाजींनी घाबरून फडकं सोडून दिलं.

"आता काय करू नका. चालू ठेवा आणि बघत बसा," नंदीश म्हणाला.

दहा मिनिटांनी टकटक कमी कमी होत नाहीशी झाली. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"बेरिंग न्हाय मामा. बेरिंग गेलं असतं तर तापल्यावर आवाज वाढला असता, तेल पातळ होतंय म्हणून. हितं मॅनिफोल्ड आवळून धरणारा एक स्टड तुटलाय आणि सांध्यातलं गॅस्केट जळलंय. फटीतून धूर बाहेर उडतोय, त्याची टकटक. लोखंड तापलं की फुगतंय आणि फट बुजून जाती. इंजिनाला काय झालं न्हाय."

पत्र्याचं झाकण काढून त्याने काजळीचा काळा पट्टाही दाखवला. शरणप्पांनी वाकून बघितलं आणि काही कळलं नसतानाही दोनदा मान हलवली. अक्का सासूकडे न बघता सासूला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी म्हणतच होते."

गाडी गॅरेजात नेली. स्टड नेमका इंजिनाच्या हेडशी सपाट तुटलेला, पकडायला नखाएवढंही टोक बाहेर नव्हतं. ड्रिल चुकलं तर हेडच खराब होणार. नंदीशने तुटक्या स्टडवर नट ठेवून वेल्डिंग केलं, निवू दिलं, पाना लावला. वेल्डिंग सुटलं. पुन्हा केलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा श्वास रोखून पाना ओढला तर करकर करत मेला हलला एकदाचा. पुढचं काम सोपं होतं. नवा स्टड, नवं गॅस्केट, मधल्या नटापासून कडेपर्यंत सारखं आवळत जाणं. संध्याकाळी त्याने गाडी पेठेत नेऊन लावली आणि पुन्हा बजावलं, सकाळपर्यंत हात लावू नका.

सकाळी गार इंजिन सुरू झालं आणि टकटक नव्हती. शरणप्पांनी हात जोडले. सावित्रम्मांनी नंदीशला आत बसवून उप्पीट पुढे ठेवलं, वर स्वतःच्या हाताने तूप घातलं. "बा, बैस. सुम्ने, उगीचच बोलत होते बघ मी," असं कानडी-मराठी मिसळत त्या म्हणाल्या. "सिद्धेश्वरी म्हणत होती ते खरं. ऐकल्याशिवाय बोलत न्हाय तू."

नंदीशने उचललेला घास परत ताटात ठेवला. गप्प बसला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण अक्का समोर उभी राहून हसत होती, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, आणि त्याला त्या हसण्याची विलक्षण लाज वाटली.

"आत्या, ते खरं न्हाय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "टेंभुर्णीला बॉनेट गरम होतं. मला कळलं होतं. थंड गाडी ऐकायला पायजे होती, मी ऐकली न्हाय. तसंच सांगितलं, घ्या म्हणून. इंजिन चांगलं निघालं हे आपलं नशीब."

मग शरणप्पा खाकरले. "घाई मी केली होती. राहुकाळ लागत होता."

सावित्रम्मा नवऱ्याकडे वळल्या. "म्हंजे तुमाला ठाऊक होतं? आणि तीन आठवडे मी ह्या पोरीला बोलायले, तुमी आपले भाकरी खायलाव?" पुढचं सगळं कानडीत झालं. शरणप्पांनी खाली मान घालून निमूट ऐकून घेतलं. ते उठून दुकानात गेले तेव्हा उघडायला अजून तासभर होता.

 अक्का नंदीशला सोडायला दारापर्यंत आली.

"गरम होतं तर त्याच दिवशी मला सांगायचं की," ती म्हणाली. "मी त्यांना काय उत्तर द्यायचं ते बघितलं असतं. मी तुझ्यासाठी रोज भांडले, नंदीश. तू फोनवर टॅपेट टॅपेट करत बसलास."

नंदीशने चुकलं म्हणायला तोंड उघडलं, तर ती आत निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तिचा फोन आला. तो अक्का, अक्का करत राहिला, पलीकडे कुणी बोललं नाही. मग स्टार्टर फिरल्याचा आवाज आला आणि इंजिन सुरू झालं. फोन बॉनेटवर ठेवला होता तिने. मिनिटभर इंजिन ऐकू येत राहिलं आणि फोन बंद झाला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच, ना हाक, ना चौकशी. नंदीश रोज सातपासून हातातलं काम बाजूला ठेवून बसू लागला.

पाचव्या दिवशी इंजिन सुरू झालं, मिनिट होऊन गेलं, फोन बंद झाला नाही.

"ठीक हाय का?" अक्काने विचारलं. आवाज कोरडा होता.

नंदीशला ठीकच वाटत होतं. तरी त्याने फोन कानाला आणखी दाबून धरला. "आत्ताच न्हाय सांगत. अजून दहा मिनटं चालू ठेव, अक्का. नीट ऐकू दे."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन न ठेवता तिथेच गाडीपाशी उभी राहिली.