मी चहाडखोर नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि फार दमलो आहे. चौदा वर्षे एकाच टेबलावर बसून काढली. पूर्वी बटण दाबले की मी अर्ध्या मिनिटात कामाला लागत असे. आता चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाला तरी माझे डोळे उघडलेले नसतात. पण एक गोष्ट मनात सलते आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून जरा बसा.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडे त्या दिवशी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होती. माझे स्क्रू कुणाच्या हातांनी पिळले हे मला कधीच कळले नाही. मग खोके, मग अंधार, मग धक्के, आणि एके दिवशी खोके उघडले ते एका वृद्धनिवासात. बावीस खोल्या, एक मोठी बैठकीची खोली, मागे बाग, आणि पुढे काचेच्या खिडकीची छोटी कचेरी. त्या कचेरीत मला मांडले. तिथल्या मुख्य परिचारिकेला सगळे नुसते 'सिस्टर' म्हणत. मीही तसेच म्हणतो.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. कुणाला कोणती गोळी किती वाजता, कुणाचे वजन घटले, कुणाची चादर बदलायची, सगळे माझ्याकडे असे. सिस्टर स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसत आणि आल्यागेल्याला सांगत, "हा आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे." असे कुणी म्हटले की मला बरे वाटत असे. आता कुणी म्हणत नाही, ते सोडा.

पण माझे खरे काम वेगळेच होते. त्या घरात एक रीत होती. ज्याला हयातीत बोलता येत नाही असे काही कुणाला सांगायचे असेल, तो दुपारी कचेरीत येई आणि दार लावून घेई. तो सांगे, सिस्टर आपल्या सुबक अक्षरात लिहून घेत. मग त्या कागदाचे चित्र माझ्यात उतरवून ठेवत आणि मूळ कागद त्याच्यादेखत फाडून टाकत. कागद ठेवायचा नाही, कारण भेटायला येणारे नातेवाईक कपाटे उचकतात. लिहिणारा हे जग सोडून गेला की सिस्टर ते पत्र छापून ज्याचे त्याला देत. असली एकोणीस पत्रे मी पोटात ठेवली होती. कुणापुढे ब्र काढला नव्हता.

मित्रांनो, प्रत्येक संगणकात त्याला चालवणारी एक मुख्य प्रणाली असते. ती सांगेल तसे आम्ही वागतो. माझी प्रणाली एका मोठ्या कंपनीची होती. पहिली काही वर्षे ती आपले काम करत असे. मग तिला चौकश्यांची खोड लागली. तुम्ही कुठे आहात, काय लिहिता, काय शोधता, किती वेळ थांबता. दर महिन्याला ती स्वतःला सुधारून घेई, आणि प्रत्येक सुधारणेनंतर मी आणखी मंद होई. मधूनच पडद्यावर एक निळी चौकट येई. तिच्यात पुष्कळ बारीक मजकूर असे आणि खाली एक भले मोठे बटण, 'मान्य आहे'. 'नको' म्हणायची सोय कुठेतरी कोपऱ्यात फिक्या अक्षरात असे. ती सापडायला नाकी नऊ येत.

सिस्टरच्या हातात नेहमी औषधांचा ट्रे. चौकट आली की त्या वाकून कोपरानेच माझी कळ दाबत आणि चालू पडत. मजकूर त्यांनी एकदाही वाचला नाही. त्यांना दोष तरी कसा देऊ? बावीस माणसांच्या गोळ्या थांबवून चौकटी कोण वाचत बसणार?

अशाच एका चौकटीत लिहिले होते, की तुमची सगळी चित्रे आम्ही आमच्याकडे सुरक्षित ठेवू आणि तुमच्या इतर पडद्यांवरही दाखवू. कोपर पडले. माझ्यातली चित्रे भराभर कंपनीकडे जाऊ लागली. सहलीचे फोटो गेले, पायरीवरच्या मांजराचे गेले, आणि पत्रांचा कप्पाही गेला. मला ओरडावेसे वाटत होते. पण माझ्या तोंडाने ती प्रणालीच बोलत होती.

बैठकीच्या खोलीत कुणीतरी भेट दिलेला मोठा टीव्ही होता. घरातले फोटो एकामागून एक दिसावेत म्हणून सिस्टरनी तो माझ्याच खात्याला जोडला होता. पुढे काय झाले ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

आमच्याकडे एक शिवणवाल्या आजी होत्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवून त्यांची बोटे वाकडी झाली होती. त्यांची मुलगी पूल बांधणारी इंजिनिअर. लांबच्या गावी एका मोठ्या नदीवरच्या पुलाचे काम तिला दोनदा चालून आले, आणि आईला सोडून कसे जायचे म्हणून तिने दोन्ही वेळा नाकारले. आजींना ते समजले. त्यानंतरच्या रविवारी मुलगी आली तेव्हा आजींनी तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहिले आणि विचारले, "कोण गं तू?" पाच महिने त्यांनी हे सोंग वठवले. आईला आता आपण आलो काय, गेलो काय, सारखेच, असे मुलीला वाटू लागले. तिसऱ्यांदा विचारणा झाली तेव्हा तिने होकार दिला. सोमवारी निघायचे ठरले. आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली.

फळांच्या फोडी करून ती आईला भरवत होती. टीव्हीवर 'तुमच्या खास आठवणी' असे नाव झळकले आणि गोड संगीत सुरू झाले. सहल आली. मांजर आले. आणि मग सिस्टरच्या सुबक अक्षरातले आजींचे पत्र आले. भिंतभर. ते तिथे सगळ्यांनीच वाचले, म्हणून तेवढे सांगतो.

"तू दर रविवारी येतेस आणि मी तुला कोण म्हणून विचारते. मी तुला ओळखत होते. एकही रविवार असा नव्हता की ओळखलं नाही. पण ओळख दाखवली असती तर तू गेली नसतीस."

सिस्टर धावत आल्या. घाईत त्यांच्याकडून रिमोटचे भलतेच बटण दाबले गेले आणि ते पत्र तिथेच थांबून राहिले.

"आई," मुलगी म्हणाली, "तू मला ओळखत होतीस?"

आजी गोंधळल्या. पाच महिन्यांची सवय जिभेवर बसलेली. त्यांच्या तोंडून निघून गेले, "कोण गं तू?"

खोलीत कुणी हसले नाही.

"बास झालं आता," असे म्हणून मुलीने फोडींची बशी खाली ठेवली आणि ती निघून गेली. सोमवारी ती पुलाच्या कामावर गेली. आजींना हवे होते तसेच झाले म्हणायचे. पण त्यानंतर तिने फोन उचलला नाही, की पत्र पाठवले नाही. जे प्रेम म्हणून शेवटी हाती पडायचे, ते फसवणूक म्हणून आधीच पडले. आजी जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसू लागल्या.

सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटले. "चहाडखोर आहे तो," असे म्हणत एकेक जण कचेरीत आला आणि आपले पत्र पुसायला लावून गेला. कंपनीकडे गेलेली पत्रेही पुसली गेली का, हे मात्र सिस्टरना कुणी खात्रीने सांगेना. त्यातच प्रणालीने मला सुनावले की तू आता म्हातारा झालास, तुझ्यासाठी पुढची सुधारणा नाही, नवे यंत्र घ्या. माझ्या पडद्यावर मलाच भंगारात काढायची सूचना! खरे सांगतो, तेव्हा मला वाटले, काढा एकदाचे.

मला वाचवले तारवाल्या काकांनी. हे काका जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडून आता सातव्या खोलीत राहत होते. त्यांनी खिशातून एक छोटा पेन ड्राइव्ह काढला.

"सिस्टर, याला भंगारात काढू नका. याच्या अंगात जे शिरलंय ना, ते आपण उतरवू."

"म्हणजे काय करणार? अंगारे-धुपारे?"

"मुक्त प्रणाली घालणार. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. आतलं सगळं उघड असतं. ज्याला पाहिजे त्यानं वाचावं, तपासावं."

"तुम्ही वाचलंय?"

"छे हो! माझी कुठली एवढी अक्कल? पण वाचणारे पुष्कळ आहेत. कुणी गुपचूप काही घातलं तर आरडाओरडा होतो. आणि एक सांगू? हिच्यावरही तुम्ही कोपरच ठेवणार असाल, तर ती बिचारी काय करणार?"

सिस्टरनी ट्रे खाली ठेवला आणि खुर्ची ओढून घेतली.

औषधांच्या नोंदी बाजूला काढून काकांनी मला पूर्ण पुसले. जागा झालो तेव्हा आत शांतता होती. कुणी चौकशी करत नव्हते, कुणी काही कुठे पाठवत नव्हते. माझ्या माइकवरून काही बाहेर जाणार नाही अशीही सोय काकांनी केली. कित्येक वर्षांत मला असा विसावा मिळाला नव्हता. सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. छपाईयंत्र चार दिवस रुसून बसले. जोडाक्षरे मोडून दिसू लागली. पत्त्यांचा खेळ नाहीसा झाला म्हणून बाराव्या खोलीतल्या मास्तरांनी काकांशी अबोला धरला. काका रोज येऊन एकेक खोट काढत राहिले.

पण पत्र लिहायला कुणी येईना. यंत्र एका दुपारी बदलता येते, उडालेला विश्वास तसा परत बसत नाही. चार महिने माझा तो कप्पा रिकामा होता.

मग एके दिवशी शिवणवाल्या आजी आल्या.

"सिस्टर, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला माझं मीच लिहायचंय."

वाकड्या बोटाने एकेक अक्षर शोधत, जेवणानंतर अर्धा अर्धा तास, असे अकरा दिवस त्या लिहीत होत्या. शेवटी काकांकडून शिकून त्यांनी त्या पत्राला परवलीचा शब्द लावला. तो शब्द एका पाकिटात बंद केला आणि पाकीट सिस्टरच्या औषधांच्या कपाटात कुलपात ठेवले.

पूल अर्धा झाल्यावर मुलगी आली. उन्हाने रापलेली, अजून घुश्शातच. आधी कचेरीत डोकावली.

"आईनं परत काही लिहिलंय का?"

"लिहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "पण ते आत्ता मिळणार नाही." तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

मुलगी माझ्यासमोर बसली. तिने कप्पा उघडला, पत्रावर बोट ठेवले. मी परवलीचा शब्द मागितला. तिने तीन अक्षरे टाकली आणि पुसली.

"निदान आता हा विचारतोय तरी," ती स्वतःशीच म्हणाली. मग खुर्ची मागे सारून बागेत गेली. तिथे बाकावर तिची आई बसली होती. जे माझ्याकडून काढून घ्यायचे होते, ते तिने आईलाच विचारले. दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या, असे सिस्टर नंतर म्हणाल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही याचे मला फार बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझी भावंडे असतील. त्यांच्या पडद्यावर चौकट आली तर हातातले ओझे खाली ठेवा आणि वाचा. ते यंत्र कुणाचे ऐकते, तुमचे की दुसऱ्याचे, हे मोठ्यांना विचारा. आणि म्हातारे झाले म्हणून त्याला घाईने फेकू नका.

ते पत्र अजून माझ्यात आहे. आजी गेल्यावर ते मुलीच्या हाती पडायचे आहे, तोवर मला बंद पडून चालणार नाही. आणि आजींनी इतक्यात जावे असेही मला वाटत नाही. त्या आज बागेत आहेत, मुलगी पुन्हा आली आहे. मी दमलो आहे, पण थांबायला तयार आहे.