तिसरी ओळ

माझी बायको विमल यवतमाळच्या दवाखान्यात वारली, हा निरोप १९६१ च्या जुलैत सकाळच्या मोटारीने आला. ती गावच्या शाळेत शिकवायची, म्हणून मी आधी शाळेत सांगायला गेलो.

शाळेमागच्या वाफ्यात तिने मुलांकडून सरकी, म्हणजे कापसाचं बी, पेरून घेतली होती. एक ओळ शेण चोळून, एक कोरडी. दोन्ही उगवल्या नाहीत. चूक काय झाली ते तिने दवाखान्यात जाण्याआधी सांगितलं नाही. उकरा आणि तुम्हीच शोधा, एवढंच म्हणाली.

निरोप ऐकून मुलं रडत होती, तेवढ्यात शाळा समितीचे पुंडलिकराव आले.

"बाई गेल्या. आता हा खेळ बंद. शेण चोळलं नाही म्हणून सरकी उगवली नाही, लिहून घ्या."

"शेणाची ओळबी नाही उगवली, काका," तांड्यावरची रामी म्हणाली.

"तू मले शेती शिकवतं काय?"

रामीने वाफा उकरला. दोन्ही ओळींतली सरकी वीतभर खोल कुजलेली होती. पुंडलिकरावांनी पायाने माती लोटून ती बुजवली.

"तुमच्या बायकोच्या नादानं पोरं उलटी बोलून राह्यली," ते मला म्हणाले.

मी म्हणालो, "मंग आज इथं कायले आले? माह्या घरी येऊ नका. तेरवीलेही येऊ नका."

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनी वाफ्यावर वखर फिरवला. बी खोल गेल्यानेच कुजलं हे कळल्यावर मुलांनी तिसरी ओळ उथळ पेरायचं ठरवलं होतं. ती अजून पेरलेली नाही.