वाक्यात उपयोग करा

माझ्या सुनेचं नाव आयसुलू. ती किर्गिझस्तानातली. आमचा निनाद बिश्केकला डॉक्टरकी शिकायला गेला आणि येताना पदवीबरोबर हिलाही घेऊन आला. त्यांच्या भाषेत 'आय' म्हणजे चंद्र. आमच्या भाषेत आय म्हणजे कोण हे कळल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिची सुलू झाली. भोपाळला आमच्या नेहरू नगरातल्या शेजारणींना अजून वाटतं की ही कुणी सुलभा असावी, मणिपूर-बिणिपूरकडची.

आठ-नऊ वर्षं झाली त्याला. आता सुलू भारताची नागरिक होणार होती आणि त्यासाठी एका कार्यालयातून बोलावणं आलं होतं. साहेब समोर बसवून चार प्रश्न विचारतात, एवढंच आमच्या कानावर होतं. ते चार कुठले हे कुणालाच ठाऊक नाही म्हटल्यावर घरात दहावीचं वर्ष असल्यासारखं वातावरण झालं. नीळकंठ, म्हणजे माझे यजमान, कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक आणलं आणि सकाळच्या चहाबरोबर सरबत्ती सुरू केली.

"राष्ट्रीय जलचर?"

"डॉल्फिन," सुलू पोळी लाटता लाटता म्हणाली.

"राज्यसभेचा सभापती कोण असतो?"

"उपराष्ट्रपती."

"हे सगळं तुम्हाला तरी पुस्तक न बघता येतं का?" मी विचारलं.

"मला कशाला यायला हवं? मी इथलाच आहे," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. या उत्तरावर मला बरंच काही बोलायचं होतं, पण दूध उतू गेलं आणि ते राहिलं.

उत्तरं सुलूला येत होती. तिची अडचण वेगळीच होती. इथलं नागरिकत्व मिळालं की तिकडचा पासपोर्ट सोडायचा. तिची आई इस्सिक-कुल नावाच्या भल्यामोठ्या तळ्याच्या काठी एकटी राहते. "म्हणजे मी आईच्या दारात व्हिसा घेऊन जायचं," सुलू एकदाच म्हणाली आणि लाटणं हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिली. मी मनात म्हटलं, ही नको म्हणाली तर? उद्या निनादला घेऊन तिकडे निघून गेली तर? मला ही मुलगी जाऊ द्यायची नव्हती. तिला मात्र मी हे कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे असं बोलत नाहीत.

त्या तळ्याबद्दल ती इतकं बोलायची की हळूहळू ते आमच्या घरातच येऊन राहिलं. ते हिवाळ्यात गोठत नाही. चहूकडे बर्फ आणि मधे पाणी आपलं हलत असतं. मला तर एकदा स्वप्नही पडलं. मी आपल्या मोठ्या तलावाच्या काठी उभी आहे, पलीकडे श्यामला हिल्सच्या जागी पांढरे डोंगर आहेत आणि डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई पाण्यात लोकर धुते आहे. तिने मला नावाने हाक मारली. मी ओ दिली, पण ती कोण हे विचारायचं राहून गेलं. जाग आल्यावर कितीतरी वेळ हाताला पाण्याचा गारवा जाणवत होता.

मी दर रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळात मुलांना मराठी शिकवते. भोपाळच्या मराठी मुलांचं मराठी कसं असतं ते विचारू नका. 'अपन' या शब्दाशी तर माझं हाडवैर आहे. अपन चलते हैं, अपन को क्या, सगळीकडे अपन. मी फळ्यावर लिहिते : आम्ही म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून. आपण म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. हिंदीत दोन्हीला 'हम' म्हणून भागतं, त्यामुळे मुलांच्या ते डोक्यातच शिरत नाही. सुलूला पहिल्याच दिवशी समजलं.

"म्हणजे हा शब्द बोलण्याआधी समोर कोण आहे ते बघावं लागतं?" तिने विचारलं.

"बघावं लागतं."

"छान आहे," ती म्हणाली आणि ते तिने वहीत लिहून घेतलं.

इतकी चोख मराठी बोलायला लागली, पण आपण हा शब्द काही तिच्या तोंडून आला नाही. तुमचा सण, तुमची भाजी, तुमचा देश. मला ते लागायचं. पण असा शब्द मागून घेण्यात काय मजा? मी आपली वाट बघत राहिले.

बोलावणं जानेवारीतलं होतं. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की ऑटोतून शहर दिसतच नव्हतं. मधूनच एखादं झाड यायचं, थोडं बरोबर चालल्यासारखं करायचं आणि मागे राहायचं. निनादची मंडीदीपला दवाखान्यात ड्यूटी होती, म्हणून सोबत मीच गेले.

साहेब भले होते. त्यांनी मलाही खुर्ची दिली. मग अशोकचक्राला आरे किती, राष्ट्रगीताला साधारण वेळ किती लागतो, असलं सगळं विचारून झालं. सुलू घडाघडा बोलत गेली.

"हिंदी तो आती है?" साहेबांनी विचारलं.

"बाजार की आती है, सर. मराठी अच्छी आती है. घर की है."

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी शेजारच्या खोलीतून देशकर नावाच्या बाबूंना बोलावलं. हे देशकर नागपूरकडचे, आजोबांच्या वेळी सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेल्यांपैकी.

"तुम्ही इथं केव्हापासून राहून राहिल्या?" त्यांनी सुलूला विचारलं.

"नऊ वर्षं होत आली."

देशकर साहेबांकडे वळले. "सर, मराठी में 'हम' दो होते हैं. वही पूछता हूं. उसमें तो अपने बच्चे भी फेल हो जाते हैं." मग ते सुलूला म्हणाले, "शब्द देतो. वाक्यात उपयोग करा. पहिला, आम्ही. आमच्या, आम्हाला, काहीही चालेल."

"आमच्याकडे खिचडीत लसूण घालत नाहीत," सुलू ताबडतोब म्हणाली.

"वा! आता आपण."

सुलूने माझ्याकडे पाहिलं. तिला मदत नको होती. ती आठवत होती. कुणीतरी कधीतरी तिला म्हटलेलं एखादं वाक्य शोधत होती. साहेबांचं पेन थांबलं. खोलीच्या खिडकीला धुकं टेकलं होतं.

"आपण कुठे जायचं?" शेवटी ती म्हणाली.

"असं कोण विचारतं?" देशकर हसले.

"ऑटोवाला. रोज विचारतो. अपन किधर चलें, दीदी?"

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "अरे, ये तो पक्की भोपाली हैं!" त्यांनी कागदावर काहीतरी भराभर लिहिलं.

मला आधी त्या ऑटोवाल्याचा राग आला. मग मात्र मी खुर्चीत आक्रसून गेले. पहिलं वाक्य माझं होतं, अगदी जसंच्या तसं. आमच्याकडे खिचडीत लसूण घालत नाहीत. आमच्याकडे संक्रांतीला काळं नेसतात. आमच्याकडे असं मोठ्याने हसत नाहीत. नऊ वर्षं मी तिच्याकडे तोंड करून हे बोलत होते. ऐकणाऱ्याला सोडून. फळ्यावर मीच लिहीत होते ना! ती बिचारी व्याकरणाला धरून बोलत होती. मी तिच्या शब्दाची वाट बघत बसले होते आणि तिला माझ्याकडून तो एकदाही ऐकायला मिळाला नव्हता. प्रश्न तिला विचारला होता आणि नापास मी झाले होते. मला रडू येत होतं, पण तिथे कसं रडणार?

"पुराना पासपोर्ट छोड़ने को तैयार हैं ना?" साहेबांनी विचारलं.

"कल बताऊं तो चलेगा, सर?" सुलू हळूच म्हणाली.

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण चालेल म्हणाले.

बाहेर आलो. ऑटोवाल्याने मागे वळून विचारलंच, "अपन किधर चलें?" सुलूने ओठ चावले. मी म्हटलं, "बड़े तालाब."

दुपार व्हायला आली तरी तलावावरचं धुकं उठलं नव्हतं. पलीकडचा काठ नव्हताच. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मधेच एक होडी दिसायची आणि मिटून जायची. मला वाटलं, मी इथे येऊन गेले आहे. मी पलीकडे पांढरे डोंगर शोधत होते आणि त्यात मला काही वेडेपणा वाटत नव्हता.

सुलूने आईला फोन लावला. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली बाई आली. मी तिला फोनवर कितीदा तरी पाहिलं होतं, हात जोडून हसलेही होते. पण त्या दिवशी ती मला माझ्या स्वप्नातून आल्यासारखी वाटली. सुलूने फोन पाण्याकडे फिरवला. पलीकडून ती म्हातारी एकदम काहीतरी ओरडली. सुलू हसली आणि तिचे डोळे भरून आले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तिला नीट दिसत नाही हो आता. विचारतेय, तू कधी आलीस इकडे? तिला वाटलं, हे आमचंच तळं आहे."

"मग सांग ना तिला, आपलंच आहे म्हणून."

मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. सुलूचा फोन धरलेला हात खाली आला.

"आई, तुम्ही आपलं म्हणालात. ऐकणाऱ्याला धरून. म्हणजे त्यात ती पण आली."

"आली तर येऊ दे की. मला काय व्याकरण शिकवतेस? आणि तू तर सगळ्यात आधी आलीस."

मग तिने फोन वर धरून आईला सांगितलं. त्यात 'बिझदिन' असा एक शब्द मला ऐकू आला.

"ते आमचं की आपलं?" मी विचारलं.

"आमच्या भाषेत एकच आहे," सुलू म्हणाली.

"बरं आहे. कटकट नाही. आता तिला म्हणावं, आपल्याकडे यायचं तर याच दिवसांत ये. नंतर ऊन सोसायचं नाही तुला."

दोघी खूप वेळ बोलल्या. मी काठावर बसून राहिले. धुक्यात ऊन उतरू लागलं होतं आणि पाणी आतून उजळल्यासारखं दिसत होतं. फोन ठेवून सुलू माझ्याशेजारी येऊन बसली. तिने ओढणीने नाक पुसलं.

"आई, उद्या आपण जरा लवकर निघू या," ती म्हणाली. "नंतर साहेबांकडे फार गर्दी होते."

मी बरं म्हटलं आणि ऑटोला हात केला.