मार्चअखेरची नदी

निधी मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा शर्मिष्ठा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होती. गठ्ठा तसाच टाकून ती रिक्षाने तडक नदीवर गेली. नदी म्हणायची ती तिने आणि सरकारी नकाशाने; बोरिवलीतले बाकी सगळे नालाच म्हणत. डोंगरातल्या जंगलातून नितळ उतरलेलं पाणी वस्तीत शिरलं की चार गल्ल्यांत काळं पडायचं. त्याच्या थोडं वर मात्र एक तुकडा अजून जिवंत होता. तिथे वाळू होती, दगडांखाली कुर्ल्या होत्या, आणि काठाला कोकणातून आलेल्या माणसांची चाळ आणि चाळीची विहीर होती.

ती विहीर शर्मिष्ठाने पहिल्यांदा पाहिली ती पाणीकपातीच्या उन्हाळ्यात. अख्ख्या भागाचे नळ कोरडे पडले होते आणि चाळीतली प्रेमा मात्र विहिरीच्या पाण्यावर जेवणाचे डबे करत होती. "ह्या बावीन आमका कधी तहानेला ठेवल्यान नाय," ती म्हणाली होती. शर्मिष्ठा भूगोल शिकवायची. नदीच्या वाळूत मुरलेलं पाणीच विहिरीला मिळतं, हे तिच्या लगेच लक्षात आलं. दुष्काळ निवारण आणि नद्यांचं पुनरुज्जीवन अशी सरकारी योजना निघाली तेव्हा तिने या तुकड्यासाठी प्रस्ताव लिहिला, खेटे घातले, लोकांची बोलणी खाल्ली. त्या सगळ्यात प्रेमा तिची मैत्रीण झाली.

"मंजूर झालं गं, प्रेमा!"

प्रेमाने पिठाचे हात पदराला पुसले. "म्हणजे आता घाण पाणी बंद होतला?"

"गटारं वेगळी काढणार, गाळ काढणार, काठाला झाडं लावणार."

"नि बाव?"

"अगं, विहिरीसाठीच तर पैसे आलेत."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. नदीवर कोणी फिरकलं नाही. जानेवारीत कामावरच्या इंजिनियरने, अनयने, तिला ऑफिसात बोलावलं. तो तिच्या हाताखाली शिकलेला. समोर चहा ठेवून तो म्हणाला, "मॅडम, मार्चअखेर पैसे खर्ची पडले नाहीत तर परत जातील. गटारांना दुसऱ्या खात्याची परवानगी लागते, ती काही येत नाही. टेंडर तयार आहे ते फक्त भिंतीचं आणि तळाच्या काँक्रीटचं."

"अरे, तळच बांधलास तर पाणी मुरणार कुठे? तुला शिकवलंय ना रे मी हे?"

"शिकवलंय. म्हणून तर आधी सांगतोय." त्याने आवाज खाली आणला. "भिंतीला विरोध करू नका. विहिरीपाशी मी तळ मोकळा सोडतो. माझा शब्द."

पैसे परत गेले तर पुन्हा कधी येणार होते? शर्मिष्ठा हो म्हणून आली. चाळीत प्रेमाचा नवरा नंदू एकटाच अडून बसला. "एकदा काँक्रीट घुसलं की थांबत नाय. आजवर कुठे थांबलंय सांगा." तासभर बसून तिने त्याची समजूत घातली. शेवटी प्रेमाच म्हणाली, "ताई म्हणता तर बराच असतला."

भिंत उभी राहिली आणि अनयची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या साहेबांनी शर्मिष्ठाला उभ्याउभ्याच वाटेला लावलं. तळ मोकळा ठेवायचा असं कागदोपत्री कुठेही नमूद नव्हतं.

मार्चच्या शेवटी भर दुपारी प्रेमाचा फोन आला. "ताई, बेगीन ये. बावीकडे गाडी इली."

शर्मिष्ठा पोचली तेव्हा मिक्सरमधून काँक्रीट वाळूवर ओतलं जात होतं. ती चपलांसकट नदीत उतरली आणि आडवी उभी राहिली.

"बाजूला व्हा मॅडम," सुपरवायझर अगदी अदबीने म्हणाला. "तुमच्याच नदीचं काम चाललंय."

नंदू आणि चाळीतले चारदोन जण धावून आले, आरडाओरडा झाला. मग हवालदार आला, सरकारी कामात अडथळा म्हणून आत घेईन म्हणाला. तिने अनयला फोन लावला. "मॅडम, मी आता तिथे नाही ना," एवढंच तो म्हणाला. प्रेमाने तिला दंडाला धरून वर घेतलं. संध्याकाळपर्यंत तिथे वाळू राहिली नाही. एक कुर्ली ओल्या सिमेंटवर चढून आली, थोडी चालली आणि रुतली.

पावसाळ्यात पाणी नळीतून सुटल्यासारखं खाडीला गेलं. मुरलं काहीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कपात लागली. प्रेमाने आधी विहिरीचा दोर वाढवला. मग बादलीत गाळ यायला लागला, मग नुसता तळाशी आपटल्याचा आवाज. टँकरच्या पाण्यात डबे होईनात. गिऱ्हाइकं तुटली. धोका नको म्हणून वॉर्डाच्या माणसांनी विहिरीवर लोखंडी जाळी ठोकली.

मे महिन्यात अनयचा फोन आला. जुन्या विहिरींसाठी नवीन निधी येतोय, म्हणाला. "तुम्ही छान लिहिता. टाका ना अर्ज."

शर्मिष्ठा चाळीत गेली तेव्हा प्रेमा भांडी गोणत्यात भरत होती. दिराने नालासोपाऱ्याला खोली बघून दिली होती. शर्मिष्ठाने चाचरत नव्या योजनेचं सांगितलं. प्रेमा रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त गोणत्याचं तोंड आवळलं आणि म्हणाली, "ताई, आता आमच्यासाठी कायएक करू नको."

 शर्मिष्ठाने गोणत्याचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून सगळं सामान टेम्पोत चढवलं. नंदू पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. प्रेमाने हात हलवला.

टेम्पो वळल्यावर शर्मिष्ठा भिंतीच्या कडेने घराकडे निघाली. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी वरून कचऱ्याची पिशवी भिरकावली. ती भिंतीपलीकडे कोरड्या तळावर पडून फुटली.