रायफल कुणाच्या नावावर

माझ्या नवऱ्याला आफ्रिकेचं खूळ लागलं एकतिसाव्या वर्षी आणि तो तिकडे गेला बहात्तराव्या. मधल्या एक्केचाळीस वर्षांत गुरं झाली, कोरडे उन्हाळे झाले, एक पोरगा झाला, माझी दोन ऑपरेशनं झाली. रायफल मात्र त्यानं पहिल्याच वर्षी घेऊन ठेवली होती. तीनशे पंचाहत्तरच्या मापाची, रानरेडा आडवा करणारी. आता आमच्या नेब्रास्कात रानरेडा कुठला मेला! हरणं आणि कोल्हे. शेजारचा रे व्होपात दर थँक्सगिव्हिंगला जेवता जेवता विचारायचा, "काय व्हर्लिन, यंदा तिनं काय मारणार? माझं मक्याचं कोठार?" सगळे हसायचे. व्हर्लिनही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातून ती काढून तेल लावून पुसत बसायचा. मी म्हणायचे, एवढी माझी पाठ चोळली असतीस तर बरं झालं असतं.

त्या रायफलीनं त्यानं कागदी निशाणांखेरीज कशावर गोळी झाडली नाही. ती आफ्रिकेसाठी होती. बस.

गुरं विकली त्या वर्षी त्यानं एकदाचं ठरवलं. दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो भागातल्या हेनी नावाच्या शिकाऱ्याशी फोनवर बोलणं झालं, जूनमधले दहा दिवस मिळाले. ब्रेंट म्हणाला, मीपण येतो. ब्रेंट म्हणजे आमचा एकुलता एक. चाळीस वर्षांचा घोडा, लिंकनला शेतीची यंत्रं विकतो. हेनीनं लिहिलं होतं की रानरेड्याला तीनशे पंचाहत्तरच्या खालचं काही चालणार नाही, म्हणून यानंही नवीकोरी तीनशे पंचाहत्तरच घेतली, वर हे एवढी मोठी दुर्बीण. मी नुसती बघायला जाणार होते. फॉर्मवरही माझ्या नावापुढं तसंच लिहिलं होतं, प्रेक्षक.

आता कागदांचं सांगते, कारण सगळं नासलं ते तिथंच.

आमच्याकडे रायफल ज्याच्या कपाटात त्याची. कुणी कागद मागत नाही. पण देशाबाहेर न्यायची तर कस्टमच्या ऑफिसात ती दाखवायची, ते तिचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून शिक्का मारून देतात. परत येताना कुणी म्हणू नये की ही तिकडून विकत आणलीत, एवढ्यासाठीच ती चिठ्ठी. आफ्रिकेतले पोलीस मात्र तीच चिठ्ठी मालकीचा पुरावा धरतात. चिठ्ठीवर ज्याचं नाव, रायफल त्याची. हेनीच्या ऑफिसातून चार पानी पत्र आलं होतं, त्यात ठळक लिहिलं होतं: प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी हवी, आणि एका माणसाला एका मापाची एकच रायफल नेता येते. वाचलं होतं मी ते. वाचलं नव्हतं म्हणायची सोय नाही मला.

कस्टमचं ऑफिस ओमाहात, जाऊन येऊन दहा तास. आणि व्हर्लिनच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, औषधाचे थेंब चालू. ब्रेंट म्हणाला, "द्या इकडे दोन्ही, मी करून आणतो." आणल्या. स्वयंपाकघरात त्यानं दोन चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या, तर दोन्हींवर ब्रेंट कुचेरा.

"अरे, हे काय?" मी म्हटलं.

"आई, साहेबानं विचारलं कुणाच्या, मी समोर उभा होतो. टाकलं माझं नाव. काय फरक पडतो? तिथं सांगू, वडलांची आहे म्हणून. आत्ता बाबांना सांगू नको हं, उगाच घर डोक्यावर घेतील."

मला तेव्हाच म्हणता आलं असतं, चल गाडी काढ, मी येते बरोबर. किंवा थेंब थांबल्यावर मी स्वतः व्हर्लिनला घेऊन गेले असते. तीन आठवडे होते हातात. दहा तासांच्या गाडीचा कंटाळा केला मी, दुसरं काही नाही. व्हर्लिनचा पोलिसांचा फॉर्म भरला, काळ्या शाईनं, जसा सांगितला होता तसा, त्यात त्याच्या रायफलीचा नंबर घातला, त्याला ब्रेंटच्या नावाची चिठ्ठी टाचली आणि मूग गिळून बसले.

अटलांटाहून विमानानं सोळा तास. व्हर्लिन झोपला नाही. दर थोड्या वेळानं विचारायचा, "सामान ठेवतात तिथं थंडी असते का गं? लाकूड तडकायचं नाही ना?"

"नाही तडकत. झोप आता," मी म्हणायचे.

जोहान्सबर्गला रायफली पट्ट्यावर येत नाहीत, पोलीसच घेऊन जातात. त्यांच्या ऑफिसबाहेर आमच्यासारख्यांची रांग. मळखाऊ टोप्या, नवे बूट, सगळ्यांचे चेहरे सोळा तासांचे. हेनीनं पाठवलेली बाई, आन्सी, हातात आमची फाइल घेऊन पुढं उभी होती. काउंटरमागं सार्जंट मासिलेला. पन्नाशीचा, चष्मा नाकावर, बोलणं सावकाश. ब्रेंटचं काम पाच मिनिटांत झालं. मग त्यानं व्हर्लिनची पेटी उघडली, टॉर्च मारून नंबर वाचला, फॉर्मशी जुळवला आणि मान डोलावली.

"जुनी आहे. छान ठेवलीय. तुमची, आजोबा?"

"एक्केचाळीस वर्षं," व्हर्लिन म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला जमिनीत जावंसं वाटलं.

सार्जंटनं चिठ्ठी उलटवली. मग फॉर्म. मग परत चिठ्ठी. "फॉर्मवर व्हर्लिन कुचेरा. चिठ्ठीवर ब्रेंट कुचेरा. मग कुणाची?"

व्हर्लिनला वाटलं, त्याचं काहीतरी चुकतंय. "नाही हो साहेब, नीट बघा. माझीच असणार." त्यानं चिठ्ठी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. एवढी बारीक अक्षरं त्याला कुठली दिसायला!

"बाबा, ते माझ्या नावावर केलंय," ब्रेंट म्हणाला. "नुसतं कागदापुरतं."

आन्सी मध्ये पडली. "सार्जंट, घरातलीच चूक आहे हो. बापाची रायफल, मुलाचं नाव पडलं. काही करता येईल का बघा ना."

"बाई, कागद मी लिहिलेला नाही, मी फक्त वाचतोय. आजोबांच्या नावावर काही नाही, म्हणजे त्यांना परवाना मिळायचा नाही. या साहेबांच्या नावावर दोन आहेत, दोन्ही एकाच मापाच्या, म्हणजे त्यांना एकच मिळेल." त्यानं चष्मा काढला आणि ब्रेंटकडे बघितलं. माणूस भला होता, अजून म्हणते मी. "एक आत न्या. दुसरी इथं माझ्या कपाटात कुलुपात राहील, जाताना घेऊन जा. तिकडे रानात कोण कुणाची चालवतो, ते बघायला मी काही येत नाही. सांगा, कुठली नेणार?"

एवढं सोपं करून दिलं त्यानं.  मी ब्रेंटकडे बघत होते, की हा आता बापाकडे वळून बघेल, निदान एकदा तरी. बघितलं नाही त्यानं. आपल्या नव्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही."

सार्जंटनं व्हर्लिनकडे बघितलं. वाटलं, परत विचारेल. मग त्यानं व्हर्लिनची पेटी मिटली, तिला पिवळी चिठ्ठी लावली आणि मागच्या खोलीत नेली. लोखंडी दार वाजलं. एक्केचाळीस वर्षं वाट बघून ती आफ्रिकेत पोचली, ती पोलिसांच्या फडताळात.

बाहेर व्हर्लिन बाकावर बसला. आन्सी गाडी आणायला गेली. मी ब्रेंटला दंडाला धरून कॉफीच्या दुकानापाशी नेलं.

"तुझी का नाही ठेवलीस रे? लाज नाही वाटली?"

"आई, माझ्या दुर्बिणीचा नेम लावून आणलाय मी. महिनाभर सराव केलाय. बाबांना धड दिसत तरी आहे का? हेनी देईल त्यांना त्याची एखादी."

"ती त्याची रायफल होती!"

"होती ना. मग? कधी ना कधी माझीच होणार आहे. ओमाहात तो साहेब नाव विचारत होता तेव्हा मला वाटलं, दोनदा कशाला हेलपाटा, आत्ताच होऊन जाऊ दे."

"कधी ना कधी म्हणजे कधी, ब्रेंट?"

त्यानं दुकानातून कॉफीचा कप घेतला. आणि मागून व्हर्लिन म्हणाला, "सांग की तिला. मीही ऐकतो." आम्ही दोघं दचकलो. बाकापासून तो कधी उठला होता कळलं नव्हतं. "ऑपरेशन डोळ्याचं झालंय माझ्या. कानाचं नाही."

ब्रेंटनं कॉफीचा कप खाली ठेवला, परत उचलला. मग व्हर्लिननं माझ्याकडे बघितलं. "आर्डिस, तू फॉर्म भरलास. चिठ्ठी तूच टाचलीस. तू बघितलं होतंस?"

खोटं बोलायला मला कितीसा वेळ लागला असता! पण नाही बोलले. "हो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि आपली बॅग उचलून चालायला लागला.

हेनीच्या मुक्कामावर सगळं चांगलं होतं, जेवण, शेकोटी, माणसं. हेनीनं बिचाऱ्यानं आपली स्वतःची रायफल व्हर्लिनच्या पुढं केली. "आजोबा, ही माझ्या बापाची. लागतेच लागते." व्हर्लिननं ती हातात घेतली, तोलून बघितली, छान आहे म्हणाला आणि परत दिली. मला त्याचाही राग आला, खोटं कशाला सांगू? हट्टी म्हातारा! मार ना बाबा, एवढ्या लांब आलायस ना, मार कशानंही! दोन दिवस मी त्याच्या विनवण्या केल्या. तो नुसता म्हणायचा, "प्रेक्षक आहे मी. तुझ्यासारखाच."

सहाव्या दिवशी सकाळी पाणवठ्यापाशी रानरेडा मिळाला. म्हातारा, एकटा, शिंगं झिजलेली. साठ पावलांवर. हेनीनं शेवटचं म्हणून कुजबुजत व्हर्लिनला विचारलं, हातात रायफल दिली. व्हर्लिननं खांद्याला लावली.  त्यानं बराच वेळ बघितलं, मग खाली केली.

"ब्रेंट, तूच मार. तुझ्या नावावर आहे सगळं."

आणि ब्रेंटनं मारला. एका गोळीत. नेम चांगला लावून आणला होता, त्यात काही खोटं नाही. फोटोसाठी त्यानं बापाला शिंगापाशी बोलावलं, व्हर्लिन जाऊन बसला. फोटो मीच काढला. ब्रेंट तेवढा हसतोय.

परतताना सार्जंट मासिलेलानं पेटी काढून दिली. सही ब्रेंटची लागली. घरी आलो त्या दुपारी ब्रेंट आपली गाडी घेऊन निघाला, तर व्हर्लिन ती पेटी घेऊन बाहेर गेला आणि गाडीच्या मागच्या बाजूला ठेवली. "ने. कधी ना कधी कशाला?" मला वाटलं, आता तरी हा पोरगा रडेल, पाया पडेल, पेटी घरात आणून ठेवेल. "बाबा, असं काय करता," एवढं म्हणाला तो, दोनदा. मग गाडीची मागची फळी वर केली आणि हळूच लावली. फोन करतो दर रविवारी. मी बोलते. त्याच्याशी बोलायचं काय ते मला समजत नाही, पण बोलते, पोटचा आहे.

व्हर्लिन माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मी तयारच होते. जेवतो, हसतो, रे व्होपातकडे पत्ते खेळायला जातो. आमच्या लग्नाला आता सत्तेचाळीस वर्षं झाली. घरातले सगळे कागद मीच बघायचे, आणि मी बोट ठेवीन तिथं तो सही करायचा. बँक असो, विमा असो, हॉस्पिटल असो, वर मान करून कधी बघितलं नाही. आता त्यानं गावातल्या औषधांच्या दुकानातून एक भिंग आणलंय. ते शर्टाच्या खिशात असतं.

गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या वाढदिवसाचं कार्ड पाठवायचं होतं. मी नेहमीसारखं लिहिलं, पेन दिलं, बोट ठेवलं. त्यानं माझं बोट बाजूला केलं आणि खिशातून भिंग काढलं. दोन ओळी होत्या. त्यानं त्या दोनदा वाचल्या, आणि मग सही केली.