सतरा चिमटे

दर तीन महिन्यांनी डॉक्टरबाई माझ्या ताईला सतरा चिमटे काढायच्या आणि ताई वर त्यांना 'थँक्यू' म्हणायची. मी चिमटा काढला असता तर चप्पल आली असती. कपाळापासून पावलांपर्यंत सतरा जागी कातडी चिमटीत येते का बघायचं आणि दर जागेला शून्य ते तीन गुण द्यायचे, अशी ती तपासणी. कातडी जितकी कडक, तितके गुण जास्त. शाळेत कायम काठावर पास होणारी माझी बहीण इथे मात्र एक्कावन्नपैकी अडतीस मिळवून बसली होती.

तिच्या शरीराचे, रोगाशी लढणारे राखणदारच घरच्यांवर उलटले होते. कातडी आवळत गेली आणि कात्रीच्या कड्यांत बोटं शिरेनाशी झाली. सलून आम्हा दोघांचं, खुर्च्या दोन. तिची खुर्ची रिकामी पडली, आणि ताईची जुनी गिऱ्हाईकं माझ्यासमोर दात उपटून घ्यायला आल्यासारखी बसू लागली.

मग तो उपचार ठरला. तिच्याच रक्तातून मूळपेशी काढून ठेवायच्या, जबर औषधांनी बिथरलेली प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकायची आणि मग त्या पेशी परत शरीरात सोडायच्या.

"कोरी पाटी करून पुन्हा गिरवायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. जिवाला धोका आहे, गुण सगळ्यांनाच येत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कागदावर सही करताना ताई शांत होती. साक्षीदार म्हणून मी सही केली, ती मलाच वाचता येईना.

औषधांनी तिचे केस गेले. आरशात बघून म्हणाली, "बरं झालं, तुझ्या हातून सुटले."

उपचारापायी मधली तपासणी चुकली; सहा महिन्यांनी पुन्हा चिमट्यांची वेळ आली. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "ढब्बू, उद्या आकडा उतरला नाही ना, तर माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे. मनापासून सांगतेय."

"गप बस," मी म्हणालो. त्याहून शहाणं काही सुचलं नाही. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की माझा आवाज चढतो.

तपासणीच्या खोलीत मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत उभा होतो. कपाळ झालं. दंड झाला. डॉक्टरबाईंनी कोपराखालची कातडी धरली आणि ताई केवढ्यांदा तरी किंचाळली, "आई गं! नखं आहेत की काय!"

डॉक्टरबाई थबकल्या. "दुखलं?"

"दुखणार नाही तर काय, गुदगुल्या होणार?"

"अहो, चिमटीत आली!" डॉक्टरबाई आपल्याच बोटांकडे बघत म्हणाल्या. "मागच्या वेळी दगडासारखी होती. ही बघा!"

ताईनं दुसरा हात पुढे केला. "इथे काढा." मग पोट. मग मांडी. दर वेळी 'आई गं' म्हणायची आणि खिदळायची. बाहेरून परिचारिका धावत आली, तर आत तिघं हसताहेत. एकूण बावीस. बोटं अजून ताठच होती, पण मूठ अर्धी मिटत होती. मी त्या दातांच्या तक्त्याकडे तोंड करून ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलून उघडायच्या आधीच तिनं माझी मान धरून मला आपल्या खुर्चीत बसवलं. कात्री तिच्या हातात दोनदा अडकली, एकदा खाली पडली. "हलू नकोस रे मेल्या!" ती ओरडत होती आणि मी श्वाससुद्धा घेत नव्हतो. डाव्या कानावर केस राहिले, उजवीकडे पार टाळू दिसू लागली. तिनं मागे सरकून बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"बिघडलं रे. तूच सारखे करून घे."

"हात लावायचा नाही," मी म्हणालो.

दार उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक माझं डोकं बघून मागे सरकलं आणि म्हणालं, "हे कुणी केलं?"

"आमच्या ताईनं," मी म्हणालो, आणि डोकं वळवून त्याला दुसरी बाजूही दाखवली.